कोपाची ओळ

आमच्या घरात निळ्या पुठ्ठ्याची एक दोनशे पानी वही आहे. कडा कुरतडलेल्या, मधली पानं सुटलेली. तिच्यात माझ्या शाळकरी अक्षरात ११२ गाणी उतरवलेली आहेत. ८९व्या गाण्याच्या दुसऱ्या कडव्यात एक ओळ आहे. त्या ओळीतला एक शब्द मी तीनदा लिहिला आणि तीनदा खोडला. चौथ्यांदा तिथं काही लिहिलंच नाही. त्या मोकळ्या राहिलेल्या जागेची ही हकीकत.

आम्ही मूळचे नगर जिल्ह्यातले ख्रिस्ती. नगरला अमेरिकन मराठी मिशन १८३१ साली आलं. त्यानंतर पुढं कधीतरी आमच्या खापरपणज्यानं बाप्तिस्मा घेतला. आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर होते आणि वडील वीज मंडळात लागले. त्यांची बदली पडघ्याला झाली तेव्हा मी दुसरीत होते.

पडघा भिवंडी तालुक्यात, मुंबई-आग्रा रस्त्यावर. आता तिथून जाणाऱ्याला रस्त्याच्या दोन्ही अंगांना गोदामंच गोदामं दिसतात. तेव्हा भातखाचरं जास्त होती. गावाबाहेर विजेचं मोठं उपकेंद्र. १९९९ साली चंद्रपूरहून ७५२ किलोमीटरची वीजवाहिनी तिथं येऊन पोचली, त्याचं बाबांना फार कौतुक. पाहुणा आला की चहाच्या आधी ते सांगायचे, "विदर्भातला कोळसा जळतो, अन् वीज आपल्या दारात उतरते." पावसाळ्यात त्या तारांचा घूं घूं आवाज घरापर्यंत यायचा. आजी म्हणायची, "मेली झोपू पण देत न्हाईत."

पडघ्यात आमचं चर्च नव्हतं. मोठ्या सणाला कल्याणला जायचं. एरवी रविवारी संध्याकाळी आमच्याच बाहेरच्या खोलीत उपासना. पाचसहा कुटुंबं. कोणी मंडळातले, कोणी गोदामात हमाली करणारे, एक नर्सबाई, आणि पेटी वाजवणारे एक काका. त्यांना सगळे पेटीकाकाच म्हणत. पाळकसाहेब महिन्यातून एकदा येत, बाकीचे रविवार बाबाच चालवत. आल्यावर सगळे एकमेकांना "सलाम" म्हणत. शेजारच्यांना सुरुवातीला वाटलं, हे लोक मुसलमान आहेत काय! नगरकडच्या ख्रिस्ती माणसाचा तो जुना रिवाज, हे त्यांना मागाहून कळलं.

गाण्यांना "उपासना संगीत" हे पुस्तक होतं. पण प्रती तीन आणि माणसं वीसेक. शिवाय नवी गाणी त्या पुस्तकात नसत. म्हणून बाबांनी मला वही आणून दिली. "तुझं अक्षर बरं आहे, तू उतरव." गाणं वहीत गेलं की ते आमच्या मंडळीचं झालं, असा जणू नियमच झाला. एवढ्याशा पोरीला केवढा तो अधिकार! मी शाईपेनानं, समास सोडून लिहायची.

अक्का आमच्याकडे कधी यायला लागली ते नेमकं सांगता येत नाही. ती भातसा नदीच्या अंगाला असलेल्या कातकरीवाडीतली. पावसाळ्यात रानभाज्या आणि खेकडे घेऊन गावात यायची. आई तिच्याकडून शेवळं घ्यायची. एका रविवारी गाणी चालू असताना ती दाराशी टोपली ठेवून बसली, आणि मग दर रविवारी बसायला लागली. तिला बाप्तिस्मा घे असं कोणी म्हणालं नाही, आणि तिनंही विचारलं नाही. तिला गाणी आवडायची. विशेषतः रेव्हरंड टिळकांची. टिळक ख्रिस्ताला माउली म्हणतात, गुरू म्हणतात, ओवी-अभंगाच्या चालीवर म्हणतात. अक्काला चाल लगेच उचलता यायची. शब्द अर्धे चुकायचे, सूर नाही.

२००५ सालच्या पावसानं आमच्याकडं सगळंच हलवलं. त्याच जूनमध्ये वीज मंडळाच्या निरनिराळ्या कंपन्या झाल्या आणि बाबा 'महापारेषण'चे झाले. २६ जुलैला तर आभाळच फाटलं. दोन दिवस बाबा उपकेंद्रातून घरी आले नाहीत. गावात ज्याच्या त्याच्या तोंडी एकच शब्द होता, कोप. कोणी म्हणे गावदेवीचा कोप, कोणी म्हणे नदीचा. आजीच्या तोंडावर लहानपणच्या देवीचे व्रण होते. ती म्हणाली, "आमच्या वक्ताला रोगालाच देवी म्हनायचे. ती कोपली की घरातली पोरं जायची. आम्ही किरिस्ताव, तरी बी म्हनायचो देवी कोपली. दुसरा शब्दच नव्हता ना."

त्यानंतर पंधरवड्यात अक्काचा मुलगा गेला. नऊ वर्षांचा. रात्री झोपडीत जमिनीवर झोपला होता, पहाटे पोटात दुखतं म्हणून उठला. मण्यार चावली की दुखत नाही, सूजही फारशी येत नाही, त्यामुळे साप चावलाय हे कोणाच्या ध्यानातच आलं नाही. पोट दुखतंय म्हणून ओवा दिला. मग त्याच्या पापण्या मिटायला लागल्या, बोलणं जड झालं. भगताला बोलावलं. भगत म्हणाला, देवीला कबूल केलेला कोंबडा दिला नाही, तिचा कोप आहे. कोंबडा आणेपर्यंत आणि गाडी मिळेपर्यंत ऊन वर आलं. सरकारी दवाखान्यात पोचायच्या आधीच वाटेत तो गेला. नर्सबाई नंतर आईला हळूच म्हणाल्या, "वेळेत लस मिळाली असती अन् श्वास चालू ठेवता आला असता, तर वाचू शकला असता."

अक्का तीन रविवार आली नाही. चौथ्या रविवारी आली ती दाराशी नाही, आत येऊन भिंतीला टेकून बसली. प्रार्थना संपल्यावर तिनं बाबांना विचारलं, "दादा, आमचे पोरावर कोन कोपला व्हता? देवी, का तुमचा देव?"

खोलीत कोणी हललं नाही. बाबांनी योहानाच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय काढला. जन्मापासून आंधळा असलेला एक माणूस. शिष्य येशूला विचारतात, पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापाचं? येशू सांगतो, याचंही नाही आणि त्यांचंही नाही. बाबांनी तो भाग वाचला आणि मग म्हणाले, "अक्का, कोणी कोपलं नव्हतं. साप होता."

"साप व्हता," ती म्हणाली. एवढंच. पण त्या दिवशी ती जेवून गेली.

आता त्या गाण्याकडे येते.

आमच्यात एक तरुण होता. गोदामात हिशेबनीस होता आणि सुट्टीत पुण्याला बायबलच्या वर्गाला जायचा. त्याच्याकडे इंग्रजी गाण्यांची कॅसेट होती. त्यातलं "इन ख्राइस्ट अलोन" हे गाणं त्याला फार प्रिय. इंग्लंडचा स्टुअर्ट टाउनेंड आणि उत्तर आयर्लंडचा कीथ गेटी यांनी ते २००१ साली केलं. चाल खरोखरच सुंदर, उंच चढत जाणारी. त्यानं स्वतः त्याचं मराठी केलं आणि दिवाळीच्या आधीच्या रविवारी कागद माझ्या हातात दिला. "छान अक्षरात उतरव गं, ताई."

मी उतरवलं. गाणं क्रमांक ८९.

दुसऱ्या कडव्यात वधस्तंभाचा प्रसंग आहे. येशू मरण पावला तेव्हा देवाच्या क्रोधाचं समाधान झालं, अशा अर्थाची तिथं एक ओळ आहे. इंग्रजीत जो शब्द आहे तो मोठा सोयीचा. पोट भरलं तरी तोच, कर्ज फिटलं तरी तोच, मन शांत झालं तरी तोच. मराठीत तिन्हींना तीन निराळे शब्द लागतात आणि त्यांतला एक निवडावाच लागतो. त्यानं निवडला होता 'तृप्त'. आणि क्रोधाला त्यानं 'कोप' म्हटलं होतं, मात्रा जमावी म्हणून.

आम्ही गायला सुरुवात केली. पेटीकाका रंगले होते. दुसरं कडवं आलं, आणि ओळ संपते न संपते तोच अक्का बोलली. गाणं चालू असताना बोलायचं नाही हे तिला ठाऊक होतं, तरी बोलली.

"तृप्त झाला? म्हंजे खाल्ला?"

पेटी थांबली.

"आमची देवी बी अशीच तृप्त व्हते," ती म्हणाली. "बकरा खाल्ला का. याने तं पोरगाच खाल्ला." तिनं टोपली उचलली आणि गेली.

त्या रात्री आमच्या बाहेरच्या खोलीत साडेदहापर्यंत वाद चालला. मी आणि माझा भाऊ आतल्या खोलीतून ऐकत होतो.

तरुणाचं म्हणणं सरळ होतं. "काका, देवाचा क्रोध मी माझ्या पदरचा घातलेला नाही. रोमकरांस पत्राच्या पहिल्याच अध्यायात तो आहे. पाप आहे तर क्रोध आहे. तो ख्रिस्तानं स्वतःवर घेतला म्हणून आपण सुटलो. तो शब्दच काढला तर वधस्तंभ कशासाठी होता?"

पेटीकाका म्हणाले, "अरे, पण आपल्याला गाणी कोणी शिकवली? टिळकांनी. त्यांचा देव बघ, आईसारखा आहे."

"टिळक काही शास्त्र नाहीत."

"नाहीत. पण मराठी माणसाच्या कानाला काय ऐकू जातं हे त्यांना कळत होतं."

बाबा बराच वेळ गप्प होते. मग ते म्हणाले ते मला आजही आठवतं. "टिळक स्वतः किती तापट होते ते लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रां'त लिहून ठेवलंय. घर डोक्यावर घ्यायचे. त्या माणसानं देवाला माउली म्हटलंय. रागाची त्यांना ओळख नव्हती असं नाही. राग काय करतो ते त्यांच्या घरानं पाहिलं होतं." थोडं थांबून म्हणाले, "शास्त्रात तो शब्द आहे, हे खरं. पण कोप म्हटलं की अक्काला काय दिसतं? तिला भगत दिसतो. आपण तिला सांगितलं कोणी कोपलं नव्हतं. आणि दोन महिन्यांत तिच्याच तोंडात कोपाचं गाणं घातलं."

नर्सबाईंनी तोड सुचवली. 'तृप्त' काढा, 'शमला' घाला. राग शमतो, आग शमते, त्यात खाणं येत नाही. सकाळी बाबांनी मला सांगितलं. मी 'तृप्त' खोडून वर 'शमला' लिहिलं. पुढच्या रविवारी तरुणाला तेही पटेना. "आपोआप शमला की काय? शमवला कोणी?" मग 'फिटला' आला. कर्ज फिटतं तसा. मी 'शमला' खोडून 'फिटला' लिहिलं. तेव्हा पेटीकाका हसले. "कोप कधी फिटतो का रे? ऋण फिटतं. उद्या म्हणशील भूक फिटली."

शेवटी ठरलं की त्या ओळीत कोप नको आणि काहीच नको. तिथं देवाच्या प्रीतीविषयी काहीतरी घालू. तोवर दुसरं कडवं गायचंच नाही. मी 'फिटला'ही खोडला. सगळ्यांना जरा सुटल्यासारखं झालं. अक्कासाठी केलं, असं प्रत्येकजण मनात म्हणत होता. अक्काला मात्र कोणी विचारलं नव्हतं, कारण दिवाळी झाली होती आणि ती वीटभट्टीवर गेली होती.

भट्टीवर जायचं म्हणजे काय, हे बाहेरच्या वाचकाला सांगायला हवं. पावसाळ्यात हाताला काम नसतं, घरात दाणा नसतो. तेव्हा भट्टीचा शेठ बयाणा देतो, म्हणजे उचल. त्या बदल्यात दिवाळीनंतर सगळं कुटुंब भट्टीवर. चिखल तुडवायचा, विटा पाडायच्या, वाहायच्या. आठवड्याला पोटापुरती खर्ची मिळते. पावसाच्या तोंडावर हिशोब होतो आणि वही शेठकडे असते. पुष्कळदा हिशोबात माणसाकडेच बाकी निघते, मग पुढच्या वर्षी पुन्हा त्याच भट्टीवर. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ सालचा आहे. आमच्या ठाणे जिल्ह्यात त्याआधी लग्नाच्या कर्जापायी माणूस गडी म्हणून राहायचा, त्याला लग्नगडीच म्हणत. गोदावरी परुळेकरांच्या "जेव्हा माणूस जागा होतो" या पुस्तकात ते सगळं आहे. बाबांकडे ते पुस्तक होतं. नाव बदललं, वही तीच राहिली.

२००६ साली गुड फ्रायडे १४ एप्रिलला आला, म्हणजे आंबेडकर जयंतीच्याच दिवशी. आमच्याकडं दोन्ही दिवस पाळायचे. आजोबांच्या काळापासून घरात येशूच्या तसबिरीखाली बाबासाहेबांची तसबीर होती, आणि आमचे निम्मे नातलग बौद्ध. गुड फ्रायडेला नवे कपडे नाहीत, गोडधोड नाही. जयंतीला दोन्ही पाहिजेत. आईनं मार्ग काढला, सकाळी वंदन, दुपारी उपास, आणि पुरणपोळी शनिवारी.

तीन तासांच्या उपासनेला दुपारी सगळे जमले. उन्हानं पत्रे तापले होते. अक्का आली, विटांच्या धुरळ्यानं केस लाल झालेले. बरोबर कोणी नव्हतं. आम्ही टिळकांचं एक पद म्हटलं, मग ८९वं गाणं, दुसरं कडवं सोडून.

अक्काच्या लक्षात आलं. तिला वाचता येत नव्हतं, पण चाल किती वेळा फिरते ते तिला पाठ होतं. "मधला कुठं गेला?"

बाबांनी सांगितलं. "तुला त्रास झाला ना, म्हणून काढला. देवाच्या कोपाचं होतं ते."

ती विचार करत बसली. मग तिनं भट्टीवरची हकीकत सांगितली. तिचा दीर आजारी पडला, पाय सुजले, त्याला उभं राहवेना. तो घरी जातो म्हणाला तर शेठनं हिशोब दाखवला, बाकी आहे. मग त्याचा बारा वर्षांचा पोरगा ठेवून घेतला, बापाची बाकी फिटेपर्यंत. पोरगा रात्री पळाला, तर माणसं पाठवून धरून आणला आणि मारला. हे सांगताना तिचा आवाज चढला नाही.

"दादा," ती म्हणाली, "तुमचा देव रागवतच नाय काय? मंग शेठवर कोन रागवंल?"

तेवढ्यात रस्त्यावरून जयंतीची मिरवणूक यायला लागली. ढोल, लेझीम, घोषणा. खोलीत काही ऐकू येईना, म्हणून आम्ही सगळे गप्प बसलो. मिरवणूक अगदी दारावरून गेली. बाबा खिडकीतून बाहेर बघत होते. आवाज लांब गेल्यावर त्यांनी बायबल उघडलं, याकोबाचं पत्र, पाचवा अध्याय. ज्यांनी शेतं कापली त्यांची मजुरी तुम्ही दाबून ठेवलीत, ती मजुरीच ओरडते आहे आणि ते ओरडणं परमेश्वराच्या कानी गेलं आहे, असं याकोब श्रीमंतांना ऐकवतो. बाबांनी तो भाग दोनदा वाचला.

मग म्हणाले, "अक्का, रागवतो. आम्हीच चुकीच्या ठिकाणाहून काढला." आणि पेटीकाकांकडे वळून म्हणाले, "हे मिरवणूकवाले ज्याच्या नावानं नाचतायत, तो माणूस १९२७ साली महाडच्या तळ्यावर गेला तो काय नुसत्या प्रेमानं गेला? त्याला राग आला नसता तर आपण आज कुठं असतो?"

तो तरुणही तिथं होता. मला वाटलं आता तो म्हणेल, बघा, मी सांगत होतो. पण तो म्हणाला नाही. तो हळूच म्हणाला, "काका, मी तर शेठच्या रागाविषयी लिहिलंच नव्हतं. मी आपल्या सगळ्यांच्या पापाविषयी लिहिलं होतं."

"त्यात शेठ पण येतो ना?" पेटीकाका म्हणाले.

"येतो."

"मग त्याला आधी बसव. पोर गेलेल्या बाईला मागं बसव."

त्या दिवशी उपदेश तेवढाच झाला. दुसऱ्या दिवशी, शनिवारी, पुरणपोळी खाऊन बाबा आणि तो तरुण अक्काबरोबर गेले. या पट्ट्यात श्रमजीवी संघटनेनं १९८०च्या दशकापासून वेठबिगार सोडवण्याचं काम केलेलं, त्यामुळे कायदा आहे एवढं वाडीतल्या लोकांना ऐकून माहीत होतं. कोणाकडं जायचं हेही माहीत होतं. पाय मात्र उचलत नव्हता. एक कार्यकर्ता बरोबर आला, अर्ज झाला, तहसील कचेरीत चार चकरा झाल्या. मे महिन्यात तो पोरगा घरी आला. तरुणानं स्वतः हिशेबनीस असल्यामुळे शेठच्या वहीतले आकडे बसून तपासले होते. बाकी निघत नव्हती, उलट शेठकडूनच येणं निघत होतं. ते सगळं काही मिळालं नाही. पण आकडे तपासताना त्याचा चेहरा कसा झाला होता ते बाबांनी आईला सांगितलं. "गाण्यात लिहिला होता ना, तो त्याला त्या दिवशी आला."

पुढं मी शिकायला पुण्याला गेले. २०१३ साली अमेरिकेतल्या एका चुलतभावानं फोनवर सहज सांगितलं, "तुमच्या त्या गाण्यावरून इथं भांडण लागलंय." अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियन मंडळीचं नवं गीतपुस्तक निघत होतं, "ग्लोरी टू गॉड" नावाचं. निवड समितीला ते गाणं हवं होतं. पण त्यांच्या हातात एका दुसऱ्या पुस्तकातली प्रत होती आणि त्या प्रतीत क्रोधाच्या जागी प्रीती घातलेली होती. परवानगी मागायला गेल्यावर कळलं की कवींनी तसा बदल कधीच मान्य केलेला नाही. मूळ ओळीसकट घ्या, नाहीतर घेऊ नका. समितीत मत झालं. नऊ विरुद्ध सहा, गाणं वगळलं. नऊ जणांचं म्हणणं, देवाला राग शांत करायला कोणाचा तरी जीव लागतो, हे आपल्या लेकरांच्या मनावर गाण्यातून ठसवू नये. सहा जणांचं म्हणणं, मंडळीच्या विश्वासात हाही एक जुना धागा आहे, आणि लोकांना गाणं प्रिय आहे.

मी फोनवर हसले. आमच्या बाहेरच्या खोलीतला वाद जसाच्या तसा! 'तृप्त' सोडून.

नंतर मी थोडं वाचलं. या वादाची मुळं फार मागं जातात. कँटरबरीचा अन्सेल्म यानं १०९८च्या सुमारास एक ग्रंथ पुरा केला. त्यात त्यानं पाप म्हणजे देवाचं थकलेलं देणं असं मांडलं. माणसानं देवाचा मान राखला नाही, ते देणं माणसाला फेडता येत नाही, म्हणून ख्रिस्तानं फेडलं. त्यात भर आहे तो मानावर आणि देण्यावर. पुढं धर्मसुधारणेच्या काळात त्याला शिक्षेचं आणि क्रोधाचं रूप जास्त आलं. म्हणजे 'फिटला' म्हणणारा आमचा तरुण अजाणता नऊशे वर्षं मागं गेला होता. वाचताना मला अन्सेल्मपेक्षा भट्टीवरची वहीच जास्त दिसत होती. ज्याच्याकडे वही, तो म्हणेल ती बाकी. देवाला तसा शेठ करून ठेवलं तर अक्कानं कोणाकडं बघायचं?

आणि तरीही, नऊ जणांच्या बाजूनं मत द्यायला माझा हात वर झाला असता की नाही, मला सांगता येत नाही. ऑगस्टमधली अक्का डोळ्यांपुढं आणली तर झाला असता. एप्रिलमधली आणली तर नाही. एकाच बाईनं एकाच वर्षात आम्हाला दोन्ही प्रश्न विचारले. शब्द एकच होता. एकदा तो मेलेल्या पोराच्या आईवर येऊन पडला, आणि एकदा तो ज्याच्यावर पडायला हवा होता तिथं कोणी त्याला जाऊच दिलं नाही. पुस्तक छापणाऱ्याला एकच ओळ छापावी लागते. त्याची अडचण मी समजू शकते. आमची वही हाताची होती, म्हणून आमचं निभावलं.

आजी गेली, पेटीकाका गेले. बाबा निवृत्त होऊन पडघ्यातच राहिले. अक्का थकली आहे, भट्टीवर जात नाही. पुतण्या रिक्षा चालवतो, पडघा ते खडवली स्टेशन. मी घरी गेले की रविवारी अजून खोलीत माणसं जमतात, आता बरीच जास्त. आता मोबाइलवर गाणी बघतात, पण बाबांना वहीच लागते.

मागच्या खेपेला मी ८९वं लावायला सांगितलं. दुसऱ्या कडव्यासकट. ती ओळ आली. वहीत जागा मोकळीच आहे, त्यामुळे तिथं ज्याला जे वाटतं तो ते म्हणतो. बाबा 'शमला' म्हणतात. कोणी 'फिटला' म्हणतं. तो तरुण आता चाळिशीचा झालाय, तो काय म्हणतो ते पेटीत ऐकू येत नाही, कारण पेटी आता तोच वाजवतो आणि नेमका तिथं भाता जोरात ओढतो. अक्का भिंतीला टेकून बसली होती. त्या ओळीला ती गप्प राहिली आणि पुढच्या ओळीला तिनं सूर धरला.

मी विचारलं, "अक्का, तिथं काय म्हणायचं? तू सांग, मी लिहिते."

"नको लिव्हू," ती म्हणाली. "ऱ्हाऊ दे मोकला."